पेच फिरवावा, ठोकू नये



गेल्या पावसाळ्यात आलापल्लीजवळच्या एका गावी शाळेचे दार बिजागरीसकट निखळून पडले. मधली सुट्टी होती, मुले अंगणात होती, म्हणून निभावले. दार सागाचे, चांगले जाड. कीड नाही, वाळवी नाही. मग ते पडले कसे? गावातल्या म्हाताऱ्या सुताराने चौकटीतला एक स्क्रू नुसत्या चिमटीने उपसून दाखवला आणि म्हटले, "गुरुजी, हा पेच फिरवून बसवलाच नाही जी. हातोडीनं ठोकला हाये."

खिळा ठोकायचा असतो. स्क्रू फिरवायचा असतो. स्क्रूचे आटे लाकडात आपली वाट कापत जातात आणि त्या वाटेत घट्ट धरून राहतात. ठोकला की तेच आटे लाकडाच्या शिरा फाडतात. मग धरायला उरते काय? आपल्या भागातला साग नावाजलेला. अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ साली इथल्याच जंगलांतले सागवान बल्लारपूरहून गेले. असे लाकूड तयार व्हायला दोन पिढ्या लागतात, आणि आपण ते दोन घावांत नासवतो!

आता स्क्रूचे डोके पाहा. बिजागरीला चपट्या डोक्याचा स्क्रू लागतो. त्याचे डोके पत्र्याच्या खोलगट भोकात बुडून समपातळीत बसते. गोल डोक्याचा वर राहतो. तो पातळ पत्रा किंवा कडी बसवायला बरा. डोक्यावरची खाचही निरनिराळी असते. एक सरळ खाच, ही सर्वांत जुनी. दुसरी फुलीसारखी; अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांनी १९३६ साली तिचे पेटंट घेतले, आणि ती कारखान्यांत पसरली. कॅनडात रॉबर्टसन यांनी त्याआधीच, १९०८च्या सुमारास, चौकोनी खाच काढली होती. सहा कोनी खाचेला एल आकाराची किल्ली लागते.

खाच तशी पेचकसाची पात, हा पहिला नियम. सरळ खाचेत पात पुरी रुंदी भरून, न हलता बसली पाहिजे. फुलीचे पेचकसही लहानमोठे असतात. फुली आपसूक घसरते, म्हणून फिरवताना अंगचा भार वरून द्यावा.

बसवण्याआधी गिरमिटाने भोक पाडावे. त्याची जाडी आट्यांच्या आतल्या दांड्याएवढी असावी. सागात तर हे हवेच, नाही तर फळी चिरते. स्क्रूला थोडे मेण लावावे. साबण लावू नये. तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. पितळी स्क्रू मऊ. आधी तेवढाच लोखंडी फिरवून वाट करावी, मग पितळी बसवावा.

गंजलेला स्क्रू काढायचा असेल तर घाई नको. खाचेतला रंग-माती खरवडावी. रॉकेलचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवावे. सकाळी पेचकस खाचेत धरून हलके ठोके द्यावेत. मग आधी किंचित घट्ट करावे, आणि नंतर उलट फिरवावे. खाच झिजली असेल तर लोखंडाच्या करवतीने नवी पाडावी. विजेच्या पाटीचा स्क्रू असेल तर मात्र आधी मेन स्विच बंद!

शाळेच्या दाराचे पुढे काय झाले? सुतारबाबांनी भोकांत सागाच्या काड्या सरस लावून बसवल्या. दुसऱ्या दिवशी नवी भोके पाडून स्क्रू फिरवले, आणि एकेक पेच मुलांच्या हातून आवळून घेतला. दार आज घट्ट आहे.

गुरुजनहो, आपल्या शाळेची दारे-खिडक्या एकदा हलवून पाहा. मुलांच्या हाती पेचकस द्या. उजवीकडे फिरवले की घट्ट, डावीकडे की सैल, एवढे कळले की त्यांना अर्ध्या संसाराची दुरुस्ती येईल.