राजापूरचा मतदारसंघ कोठे गेला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



‘मतदारसंघांची पुनर्रचना’ हा आजचा विषय ऐकावयास रूक्ष आहे. घटनेची कलमे, जनगणनेचे आकडे आणि तालुक्यांच्या याद्या यांतच तो बहुधा अडकून पडतो. म्हणून मी एकाच मतदारसंघाची हकीकत आपणांपुढे ठेवणार आहे. तो म्हणजे राजापूर लोकसभा मतदारसंघ. १९५७ ते १९९१ अशी चौतीस वर्षे या मतदारसंघाने समाजवादी विचाराचा प्रतिनिधी संसदेत पाठविला. २००८ च्या पुनर्रचनेत हा मतदारसंघ नकाशावरून नाहीसा झाला. राजापूर शहर आहे, तालुका आहे, त्या नावाचा विधानसभा मतदारसंघही आहे. परंतु लोकसभेत ‘राजापूरचे सन्माननीय सदस्य’ असा पुकारा आता होत नाही.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत त्या वेळच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन मतदारसंघ होते व दोन्ही काँग्रेसकडे गेले. १९५७ साली दक्षिणेकडील भाग राजापूर या नावाने पुढे आला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने सारा प्रदेश तेव्हा ढवळून निघाला होता. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै प्रजासमाजवादी पक्षातर्फे निवडून आले. १९६२ व १९६७ सालीही मतदारांनी त्यांनाच पाठविले. गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर, घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार अबाधित राहावा म्हणून १९६७ साली त्यांनी मांडलेले खासगी विधेयक संसदीय इतिहासाचा भाग झाले आहे. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत लोकसभेची निवडणूक झाली. इंदिराजींच्या लाटेत प्रजासमाजवादी पक्षाच्या वाट्याला देशभरात केवळ दोन जागा आल्या आणि त्यांतील एक राजापूरची होती. निवडून आलेले मधु दंडवते जन्माने अहमदनगरचे, पेशाने मुंबईतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. जातीचे वा गावकीचे कोणतेही पाठबळ त्यांना तळकोकणात नव्हते. तरीही १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा आणखी चार निवडणुका त्यांनी तेथूनच जिंकल्या. १९८४ च्या लाटेत मोठमोठे पुढारी वाहून गेले, राजापूर मात्र ढळले नाही. १९९१ साली काँग्रेसचे सुधीर सावंत विजयी झाले आणि १९९६ ते २००४ या काळातील चारही निवडणुका शिवसेनेच्या सुरेश प्रभू यांनी जिंकल्या.

प्रतिनिधी बदलणे हा लोकशाहीचा धर्मच आहे; त्याबद्दल शोक करावयाचा नसतो. माझा प्रश्न निराळा आहे. मतदार एका पक्षाकडून दुसऱ्याकडे जातात तेव्हा मतदारसंघ तेथेच राहतो व पुन्हा लढण्याची संधीही राहते. येथे तर मतदारसंघच गेला. तो कोणी नेला?

कोणा एका पक्षाचे कारस्थान शोधण्यापूर्वी साधा हिशेब मांडून पाहू. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती. लोकसभेच्या ४८ जागा धरल्या तर एका जागेमागे साडेदहा लाख माणसे येतात. अखंड रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास होती, म्हणजे दोन जागा जवळजवळ पूर्ण भरत होत्या. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांचे वाटप गोठविले. १९८१ साली सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला, तरी मतदारसंघांच्या सीमा हलल्या नाहीत. त्या हलल्या २००१ च्या जनगणनेच्या आधारे. तोवर राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांवर गेली होती व एका जागेमागे वीस लाखांहून अधिक माणसे येत होती. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे मिळून भरले २५ लाख ६५ हजार. म्हणजे सव्वा जागा!

तीस वर्षांत महाराष्ट्र जवळजवळ दुप्पट झाला आणि तळकोकण जेमतेम सव्वापट. या सव्वा जागेतील एक जागा ‘रत्नागिरी–सिंधुदुर्ग’ झाली. ती चिपळूणपासून गोव्याच्या सीमेवरील दोडामार्गापर्यंत पसरली आहे. उरलेला पाव हिस्सा, म्हणजे दापोली व गुहागर हे विधानसभा मतदारसंघ, रायगडला जोडला गेला. रायगडचे पनवेल, कर्जत व उरण घाट ओलांडून पिंपरी-चिंचवडबरोबर मावळ मतदारसंघात गेले. कुलाबा, रत्नागिरी व राजापूर या तीन जागांच्या ठिकाणी रायगड आणि रत्नागिरी–सिंधुदुर्ग या दोनच राहिल्या. विधानसभेतही तेच घडले. सिंधुदुर्गातील देवगड, मालवण, वेंगुर्ले व सावंतवाडी या चार मतदारसंघांऐवजी कणकवली, कुडाळ व सावंतवाडी हे तीन आले.

मग ही माणसे गेली कोठे? याचे उत्तर कोकणातील कोणतीही आई देईल. तिचा मुलगा पूर्वी गिरणगावातील खोलीत राहत असे व महिन्याला मनिऑर्डर पाठवी. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडले. पुढच्या पिढीचा चाकरमानी दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरार येथे घर करू लागला. जनगणनेत तो तेथे मोजला गेला. ठाणे जिल्ह्यात पूर्वी ठाणे व डहाणू हे दोन लोकसभा मतदारसंघ होते. २००८ पासून पालघर, भिवंडी, कल्याण व ठाणे असे चार झाले. आमच्या गावातून जो माणूस रोजगारासाठी गेला, तो आपल्या प्रतिनिधित्वाचा वाटाही बरोबर घेऊन गेला.

मागे कोण राहिले हेही जनगणनाच सांगते. रत्नागिरी जिल्ह्यात २००१ आणि २०११ या दोन्ही वेळी दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. २००१ ते २०११ या दशकात दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या प्रत्यक्ष घटली: रत्नागिरीची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. कोकण रेल्वेसाठी नाथ पै आणि दंडवते आयुष्यभर झगडले. १९९० साली, दंडवते अर्थमंत्री व जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. गाडी आली, परंतु गावात काम आले नाही, तेव्हा तीच गाडी तरुणांना घेऊन गेली. विकासाने ज्या प्रदेशाकडे पाठ फिरविली त्याची माणसे जातात. माणसे गेली की त्याच्या जागा जातात. आणि जागा गेल्या की विकासासाठी बोलणारा आवाज आणखी क्षीण होतो. हे चक्र आपण ओळखले पाहिजे.

येथे एक मोह टाळावयास हवा. ‘लोकसंख्या कमी असली तरी आमच्या जागा जुन्याच ठेवा,’ ही मागणी आपल्या तोंडी शोभत नाही. एका माणसाला एक मत आणि प्रत्येक मताचे मोल समान, हे तत्त्व समाजवाद्यांनी सोडले तर धरावयाचे कोणी? डोंबिवलीच्या चाळीतील कामगाराचे मत दापोलीच्या बागायतदाराच्या मतापेक्षा हलके मानता येणार नाही. कुटुंबनियोजन यशस्वी केलेल्या दक्षिणेकडील राज्यांना जागा घटण्याची भीती वाटते, तिचे कारण वेगळे आहे. तेथे प्रश्न जन्मदराचा आहे, कोकणात मुख्यतः स्थलांतराचा. दोहोंची सरमिसळ करून सोपी घोषणा तयार होईल, उत्तर मिळणार नाही.

तर मग करावयाचे काय? पहिली गोष्ट म्हणजे पुनर्रचनेची प्रक्रिया समजून घेणे. २००२ च्या कायद्याने नेमलेल्या आयोगात निवृत्त न्यायमूर्ती व निवडणूक आयोगाचे प्रतिनिधी होते. आमदार-खासदार सहयोगी सदस्य होते, पण त्यांना मताधिकार नव्हता. प्रस्ताव राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागविणे आणि जाहीर बैठका घेणे आयोगावर बंधनकारक होते. मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग असावा. नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण व लोकांची सोय यांचा विचार व्हावा, असे कायदा सांगतो. खाडीपलीकडच्या गावाला तालुक्याला पोहोचण्यास किती वेळ लागतो हे आयोगाला नकाशा सांगत नाही. ते कार्यकर्त्याने लेखी सांगावे लागते. अंतिम आदेश निघाल्यावर न्यायालयाची वाट फार अरुंद असते. ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतील जागांचे वाटप २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविले, आणि १ मार्च २०२७ हा जनगणनेचा संदर्भदिनांक सरकारने २०२५ साली जाहीर केला. तालुकावार टिपणे तयार करण्याचे काम त्याआधीच हाती घेतले पाहिजे.

दुसरी गोष्ट, खासदारांची संख्या घटली तर ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांचे बळ वाढले पाहिजे. ७३ व्या घटनादुरुस्तीने त्यांना घटनात्मक स्थान दिले. पैसा आणि अधिकार मात्र वरून सुटत नाहीत. गावात राहिलेल्या बाईला दिल्लीतील दीड आवाजाहून गावातील एक पूर्ण अधिकार अधिक उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट, चाकरमानी आणि गावकरी ही एकाच घराची दोन टोके आहेत. कल्याणचा वा पालघरचा खासदार हाही कोकणातील हजारो कुटुंबांना उत्तरदायी आहे. गणपतीला गावी येणाऱ्या माणसाकडे आपण वर्गणी मागतो. त्याने आपल्या वस्तीतील प्रतिनिधीला कोकणातील रोजगाराबद्दल जाब विचारावा, एवढेही आपण त्याला सांगत नाही. दोन्ही टोकांवर संघटना उभी राहिली तर पुसलेल्या सीमेचे नुकसान काही अंशी भरून निघेल.

राजापूरने अहमदनगरच्या एका प्राध्यापकाला पाच वेळा निवडून दिले, ते नकाशावरील रेषेमुळे नव्हे. गावोगाव फिरून लोकांशी वर्षभर बोलणारे कार्यकर्ते तेथे होते. रेषा आयोग आखतो आणि ती पुढेही बदलत राहील. रेषेच्या आतील माणसांशी बोलण्याचे काम कोणताही आयोग आपल्याकडून काढून घेऊ शकत नाही. त्या कामाला लागा, एवढीच विनंती करून मी थांबतो.