बाहेरगावच्या कामाचा खर्च कोणाचा?

(कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पगारवाढ, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत या विषयांवर सकाळपासून पुष्कळ चर्चा झाली. माझ्या वाट्याला आलेला विषय त्यांच्या मानाने किरकोळ वाटेल. कंपनीच्या कामासाठी करावा लागणारा प्रवास व त्याचा खर्च, एवढाच तो विषय आहे. आपल्या मागणीपत्रात तो 'इतर मागण्या' या मथळ्याखाली अगदी शेवटी येतो आणि वाटाघाटींच्या अखेरच्या रात्री सर्वांत आधी सोडून दिला जातो. तो सोडून देणाऱ्यांमध्ये एके काळी मीही होतो. त्यामुळे आज जे बोलणार आहे ते उपदेश म्हणून नव्हे, चुकीची कबुली म्हणून ऐकावे.

ज्याची नोकरीच फिरतीची आहे अशा माणसाचा एक दिवस पाहा. तो औषध कंपनीचा प्रतिनिधी असेल, यंत्रे दुरुस्त करणारा तंत्रज्ञ असेल किंवा कर्जाचे हप्ते गोळा करणारा असेल. सकाळी लातूरहून तो निघतो, औसा व निलंगा येथील कामे उरकतो आणि रात्री उदगीरला मुक्काम करतो. एस. टी.चे तिकीट, एस. टी. चुकली तर काळीपिवळीचे भाडे, गावातली रिक्षा, दोन वेळचे जेवण, लॉजची खोली हे सर्व पैसे तो स्वतःच्या खिशातून देतो. महिनाअखेरीस बिल करतो. ते बिल आधी विभागीय व्यवस्थापकाच्या सहीसाठी थांबते, मग मुख्य कचेरीच्या लेखाविभागात जाते, तेथून एखाद्या शंकेसह परत येते, पुन्हा जाते, आणि पैसे केव्हातरी पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या महिन्यात जमा होतात.

याचा हिशेब मांडून पाहू. समजा, या माणसाचा असा खर्च महिन्याला ८,००० रुपये आहे आणि खर्च केल्यापासून पैसे हाती येईपर्यंत सरासरी दोन महिने लागतात. म्हणजे कोणत्याही दिवशी पाहिले तरी त्याचे सुमारे १६,००० रुपये कंपनीकडे अडकलेले असतात. असे ५०० प्रतिनिधी असतील तर ती रक्कम ८० लाख होते. बँकेकडून हेच खेळते भांडवल उचलले असते तर दरसाल १२ टक्क्यांनी कंपनीला ९ लाख ६० हजार रुपये व्याज पडले असते. कामगाराकडून ते तिला फुकट मिळते. उलट कामगाराने ही तूट क्रेडिट कार्डावर भागवली आणि थकबाकीवर महिन्याला ३ टक्के व्याज पडले, तर मालकाला कर्ज देण्यापायी तो स्वतः दरमहा ४८० रुपये व्याज भरतो. कंपनी सावकाराकडे जात नाही, कारण तिचा सावकार तिच्याच हजेरीपटावर आहे; आणि हा सावकार असा की तो वसुलीसाठी ऋणकोपुढे हात जोडून उभा असतो.

कायदा येथे काय म्हणतो? १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने वेतन केव्हा द्यावे याची तारीख बांधून दिली. ती मिळवण्यासाठी पिढ्यांनी झगडा केला होता. परंतु त्याच कायद्यातील वेतनाच्या व्याख्येने प्रवासभत्ता वेतनातून वगळला आणि कामाच्या स्वरूपामुळे करावा लागणारा विशेष खर्च भागवण्यासाठी दिलेली रक्कमही वगळली. २०१९ च्या वेतन संहितेत या विशेष खर्चासंबंधीचा अपवाद कायम आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता लागू केल्या, तरी ही जागा बदललेली नाही. या रकमेला वेतन न म्हणण्यामागे तर्क आहे, कारण ती कमाई नव्हे, परतफेड आहे. पण परिणाम असा होतो की, मासिक पगाराला पुढील महिन्याची सात तारीख आहे आणि प्रवासबिलाला तारीखच नाही.

याच देशातील १८७२ चा करार कायदा पाहा. त्याच्या कलम २१७ प्रमाणे मालकाच्या वतीने व्यवहार करणारा अभिकर्ता, म्हणजे एजंट, मालकासाठी वसूल केलेल्या पैशातून आपला वाजवी खर्च आधी कापून घेऊ शकतो. व्यापारातील मध्यस्थाची सोय इंग्रजांच्या राज्यात झाली. पगारी प्रतिनिधीने मात्र वसुलीच्या रकमेतून शंभर रुपये लॉजच्या भाड्यासाठी बाजूला काढले तर त्याच्यावर अफरातफरीचा आरोप येईल.

इतरत्र काय आहे? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या श्रमसंहितेचे कलम २८०२ सांगते की, कामापायी झालेला आवश्यक खर्च मालकाने भरून दिलाच पाहिजे. आणि दावा करावा लागला तर कामगाराने खर्च केल्याच्या दिवसापासून व्याज द्यावे लागते. जर्मन नागरी संहितेच्या कलम ६६९ चे तत्त्व याच्याही पुढे जाते. ज्याने काम सोपवले त्याने, मागणी होताच, आवश्यक खर्चाची रक्कम आगाऊ द्यावी. ही समाजवादी राज्ये नव्हेत. आपण येथे क्रांतीची मागणी करत नसून व्यवहारातील साध्या सचोटीची मागणी करत आहोत, एवढेच यावरून ध्यानात घ्यावे.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. ती बोलायला अवघड आहे. परंतु ती टाळली तर आपले बोलणे मालकांना खोटे वाटेल आणि कामगारांना अपुरे. ती बाजू म्हणजे खोटी बिले. मी स्वतः काही वर्षे फिरता प्रतिनिधी होतो. कंपनीने मुक्कामासाठी ठरवलेला दर वर्षानुवर्षे तोच राहिला आणि लॉजचे भाडे मात्र वाढत गेले. मग आम्ही काय करीत असू? ज्या रिक्षात बसलो नाही तिचे भाडे लावीत असू. जेथे थांबलो नाही तेथे थांबल्याचे दाखवीत असू. लॉजचा मालकच विचारी, "साहेब, पावती कितीची करू?" व्यवस्थापकाला हे ठाऊक असे, आणि आम्हाला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक असे. दर अपुरा ठेवायचा आणि बिलांकडे डोळेझाक करायची, हीच कंपनीची अलिखित पद्धत होती.

ही डोळेझाक फुकट नव्हती, हे आम्हाला उशिरा कळले. आमच्यातील एका सहकाऱ्याने संघटना बांधायला घेतली. तो चिटणीस झाला आणि काही आठवड्यांतच त्याची तीन वर्षांची बिले कपाटातून बाहेर निघाली. रिक्षाच्या भाड्यात काही शे रुपयांची तफावत दाखवून त्याला चार्जशीट देण्यात आली. आम्हा कोणाचीही बिले उघडली असती तरी तेच निघाले असते, आणि म्हणूनच चौकशीत त्याच्या बाजूने उभे राहायला आमच्यापैकी एकही पुढे आला नाही. मीही आलो नाही. त्याने राजीनामा दिला आणि संघटना दोन वर्षे मागे गेली.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पटली आहे. ज्या नियमात प्रामाणिक माणसाला राहता येत नाही, तो नियम खर्च वाचवण्यासाठी केलेला नसतो. तो प्रत्येकाच्या गळ्यात दोरी अडकवून ठेवतो आणि ती दोरी ओढायची वेळ मालक ठरवतो. कंपनीच्या खर्चाचे धोरण चांगले की वाईट याची माझी कसोटी म्हणून एवढीच आहे. त्या धोरणानुसार खरे बिल लिहून माणसाला पदरमोड न करता काम करता येते काय? येत नसेल तर लबाडी कामगाराची असली तरी तिचा उगम धोरणात आहे. यातून आपलीही सुटका नाही. वाढीव बिलांवर मूक संमती देऊन आपण पगारवाढीची लढाई टाळतो, आणि लढाईची वेळ येते तेव्हा आपले हात बांधलेले असतात.

तिसरी गोष्ट दर्जाची. केंद्र सरकारच्या प्रवासभत्त्याचे दर सातव्या वेतन आयोगानंतर १ जुलै २०१७ पासून नव्याने ठरले. त्या वेळी चौदाव्या व त्यावरील वेतनस्तरावरील अधिकाऱ्याला मुक्कामासाठी दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत आणि पाचव्या व त्याखालील स्तरावरील कर्मचाऱ्याला ४५० रुपयांपर्यंत मर्यादा होती. जेवणाची रक्कम अनुक्रमे १,२०० व ५०० रुपये होती. आता मूळ वेतन पाहा. चौदाव्या स्तराचे किमान वेतन १,४४,२०० आणि पहिल्या स्तराचे १८,०००. म्हणजे अंतर आठपट. जेवणातील अंतर अडीचपटीच्याही आत. मुक्कामातील अंतर मात्र साडेसोळापटींहून अधिक! पगारात जेवढी विषमता आपण मान्य करतो तिच्या दुपटीने विषमता रात्रीच्या निजेत आहे. आणि हे सरकारी खात्यातले चित्र आहे, जेथे नियम निदान छापलेले असतात.

मात्र त्याच आदेशातील तीन चांगल्या गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, आठव्या स्तरापर्यंतच्या कर्मचाऱ्यांचे मुक्कामाचे बिल ठरलेल्या मर्यादेत, पावतीशिवाय, त्यांच्या स्वतःच्या प्रमाणपत्रावर मंजूर करण्याची तरतूद. दुसरी, मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत त्याच कर्मचाऱ्यांना पावती दिल्यास १,००० रुपयांपर्यंतची वाढीव मर्यादा. तिसरी, महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर आपोआप २५ टक्क्यांनी वाढावेत ही तरतूद. ही वाढ महागाईच्या निम्मीच आहे, हे खरे. तरीही कागदावर सूत्र आहे, आणि सूत्र असले की भांडायला जमीन मिळते.

दर्जाच्या प्रश्नावर आपल्या चळवळीला एक जुना धडाही आहे. मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर गादी आली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई-हावडा मार्गावर पहिला वर्ग नसलेली गीतांजली एक्सप्रेस धावू लागली. साहेबाची गादी काढून घेतल्याने कामगाराला झोप लागत नाही. कामगाराच्या फळीवर गादी घालावी लागते. आपली मागणीही तशीच असावी. साहेबाचे विमान बंद करा, हा आपला आग्रह नाही. बाहेरगावी कामाला गेलेल्या प्रत्येक माणसाला स्वच्छ, सुरक्षित, आतून कडी लागणारी खोली मिळावी, हा आहे. फिरतीच्या कामात आज स्त्रियाही आहेत आणि त्यांच्यासाठी ही कडी चैनीची बाब नव्हे. रात्री नऊनंतर अनोळखी गावात उतरणाऱ्या मुलीला 'स्वस्तातला लॉज शोधा' असे सांगणारे धोरण तिचा जीव धोक्यात घालते.

तेव्हा पुढच्या करारात काय मागावे? मी सहा गोष्टी सुचवतो. पहिली, उचल: महिन्याच्या अंदाजित खर्चाची रक्कम आधी हाती द्यावी आणि हिशेब नंतर घ्यावा. दुसरी, मुदत: कामगाराला बिल देण्याची मुदत असेल तर कंपनीलाही पैसे चुकते करण्याची मुदत असावी, आणि ती ओलांडल्यास व्याज. केंद्र सरकारने २०१८ साली प्रवासबिल सादर करण्याची मुदत एका वर्षावरून साठ दिवसांवर आणली; खाजगी कंपन्यांत तर ती याहून तोकडी असते. बेडी एकाच हाताला का? तिसरी, खरा दर: गावाच्या प्रत्यक्ष भाड्याप्रमाणे आणि महागाईशी जोडलेला. चौथी, पावतीबद्दल शहाणपण: काळीपिवळीवाला पावती देत नाही, तेव्हा लहान खर्च सहीवर मान्य व्हावा आणि मोठ्या खर्चालाच पुरावा मागावा. पाचवी, मुक्कामाचा किमान दर्जा, जो हुद्द्यावर अवलंबून नसेल. सहावी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी: बिलावरील शंका ठरावीक दिवसांत उपस्थित करावी, एकदा मंजूर झालेले बिल वर्षांनंतर उकरून शिस्तभंगाचे हत्यार करता येऊ नये, आणि खर्चाची तपासणी सर्वांची सारखी व्हावी, निवडून काढलेल्या एकाची नव्हे.

यावर व्यवस्थापन म्हणेल की, उचल दिली तर पैसे बुडतील. त्यांना सांगा की, आजवर उधारी कामगार देत आला आहे आणि त्याने एकदाही तारण मागितले नाही. ते म्हणतील की, विश्वासाने कंपनी चालत नाही. त्यांना सांगा की, कामगाराच्या विश्वासावर ती रोज चालतेच आहे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. आपल्या संघटनांचे कार्यकर्तेही फिरतात. सभेला, मोर्चाला, चौकशीच्या तारखेला ते पदरमोड करून जातात आणि आपण त्याला त्याग म्हणतो. ज्याच्या घरी दुसरा पगार आहे त्याला हा त्याग परवडतो. ज्याच्या घरी नाही तो हळूहळू यायचा थांबतो. मग कार्यकारिणीत कोण उरते, हे आपण डोळे उघडून पाहावे. संघटनेच्या जमाखर्चात प्रवासाचे वेगळे खाते असावे, ते सर्व सभासदांना दाखवावे, आणि शेगावहून येणाऱ्याला तिकिटाचे पैसे तो परत निघण्यापूर्वी द्यावेत. जे धोरण आपण मालकाकडे मागणार आहोत ते आधी आपल्या पेटीतून सुरू झाले, तर वाटाघाटीच्या टेबलाशी आपला आवाज कापणार नाही.

त्या चिटणीस सहकाऱ्याचे मी नाव सांगणार नाही. पुढे एकदा तो मला एस. टी. स्टँडवर भेटला. तक्रार त्याने केली नाही. एवढेच म्हणाला, "तुम्ही बोलला नाहीत याचा राग नाही, तुम्हाला बोलता येणार नव्हते, हे मला ठाऊक होते." ज्याला बोलता येईल असा कामगार उभा करणे, हे संघटनेचे काम आहे. पुढच्या मागणीपत्रात ही मागणी 'इतर' या मथळ्याखाली टाकू नका, आणि अखेरच्या रात्री सर्वांत आधी सोडू नका.