अजगर पाळावा का?



गेल्या आषाढातली गोष्ट. आमच्या वर्गाला येणाऱ्या एका गृहस्थाच्या मुलाला नाल्याच्या कडेला अजगराचे पिलू सापडले. दीड-दोन हात लांब, अंगावर तपकिरी ठिपके. पोराने ते गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात घातले आणि घरी आणले. चार दिवसांत गावभर बातमी झाली. आम्ही त्या गृहस्थाला म्हणालो, "अहो, हे बरे नव्हे. सोडून द्या."

तो म्हणाला, "गुरुजी, मोबाईलवर बघितलं की! तिकडं परदेशात लोक अजगर गळ्यात घालून बसत्यात. अंड्यावर बसवत्यात, पिलं विकत्यात. मग आमच्या पोरानं पाळला तर काय बिघडलं?"

प्रश्न खोटा नव्हता. परदेशात लोक अजगर पाळतात हे खरे आहे. तेव्हा आज आपण तेच पाहू. लोक अजगर कसे पाळतात, त्याची पैदास कशी करतात आणि त्यातून पुढे काय होते, ते सांगतो. मग पाळावा की नाही ते तुम्हीच ठरवा.

आधी अजगर म्हणजे काय ते पाहू. अजगराला विष नसते. तो भक्ष्य दातांनी धरतो, त्याला वेढे घालतो आणि आवळतो. तो हाडे मोडून मारतो, असे आम्हीही पुष्कळ वर्षे वर्गात सांगत होतो. ते चुकीचे होते. आवळल्यामुळे भक्ष्याचे रक्त फिरणे थांबते, श्वास कोंडतो आणि ते मरते. मग तो ते अख्खे गिळतो. एकदा पोट भरले की कित्येक दिवस त्याला काही लागत नाही. म्हणून लोकांना वाटते, हा प्राणी पाळायला सोपा. रोज चारा नको, पाणी नको, राखण नको.

पण तसे नाही. आपल्या अंगात ऊब आतून तयार होते. थंडीतही आपले अंग गरम असते. अजगराचे तसे नसते. बाहेर ऊब असेल तर तो गरम, बाहेर गारठा असेल तर तो गार. अंग गार पडले की त्याला खाल्लेले पचत नाही. म्हणून पाळणारे लोक त्याच्यासाठी खास पेटी करतात. पेटीच्या एका टोकाला विजेवर ऊब देतात. तिथे ३१-३२ अंश उष्णता ठेवतात. दुसरे टोक थोडे गार ठेवतात. अजगर आपल्या गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकतो. पेटीत लपायला आडोसा लागतो. आडोसा नसला तर तो घाबरून खाणेच सोडतो. पाण्याचे भांडे लागते. हवेत ओलावा लागतो, नाहीतर कात नीट निघत नाही. खायला मारलेले उंदीर देतात. जिवंत उंदीर दिला, तर तोच उलट अजगराला चावून जखमी करू शकतो.

परदेशात सर्वांत जास्त पाळतात तो अजगर पश्चिम आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांत तो आढळतो. तो लहान जातीचा, साधारण तीन ते पाच फूट. घाबरला की अंगाचा चेंडू करतो आणि डोके आत लपवतो. स्वभावाने गरीब. पण त्याचे आयुष्य फार मोठे. अमेरिकेत सेंट लुईस या शहरी प्राणिसंग्रहालय आहे. तिथे १९६१ साली एका माणसाने आपली पाळलेली अशी मादी आणून दिली. ती मादी २०२० साली तिथेच होती आणि त्या वर्षी तिने सात अंडी घातली! तेव्हा तिचे वय साठीच्या पुढे होते. म्हणजे बघा, अजगर पाळणे हे बोकड पाळण्यासारखे नाही. दोन वर्षांत काम आटोपत नाही. वीस-तीस वर्षे सांभाळायचा तो जीव आहे.

आता पैदास कशी करतात ते ऐका. हिवाळ्यात काही आठवडे पेटीतली ऊब थोडी कमी करतात. मग मादीजवळ नर सोडतात. काही महिन्यांनी मादी अंडी घालते. ही अंडी कोंबडीच्या अंड्यांसारखी टणक नसतात. त्यांचे कवच चामड्यासारखे मऊ असते आणि अंडी एकमेकांना चिकटलेली असतात. पाळणारे ती अंडी काढून ओलसर, उबदार पेटीत ठेवतात. कोंबडी आपली अंडी फिरवते, हे तुम्ही पाहिले आहे. अजगराचे अंडे मात्र फिरवायचे नसते. फिरवले तर आतला जीव मरू शकतो. साधारण दोन महिन्यांनी पिलू नाकाजवळच्या बारीक दाताने कवच कापते आणि बाहेर येते.

रानात हे काम आई करते. ती अंड्यांना वेढे घालून बसते. आपल्याकडच्या अजगराची मादी तर आपले अंग सारखे थरथरवते आणि त्यातून ऊब निर्माण करते. आताच आम्ही म्हणालो की अजगराला ऊब बाहेरून लागते. पण अंड्यांसाठी ही आई अंगातून ऊब काढते! १८४१ साली पॅरिस शहरात एका शास्त्रज्ञाने अंड्यांवर बसलेल्या मादीची उष्णता मोजून ही गोष्ट दाखवली. बहुतेक वेळा ती इतके दिवस काही खात नाही. आईपण सगळीकडे सारखेच, मंडळी.

माणसाने पैदास सुरू केली आणि त्यात बाजार शिरला. पांढरा, पिवळा, नक्षीचा अशा नव्या नव्या रंगांचे अजगर लोक निपजवू लागले. जितका रंग वेगळा, तितकी किंमत जास्त. त्यांत एक नक्षी अशी निघाली की त्या अजगरांचे डोके जन्मभर डुगडुगते. त्यांना तोल धरता येत नाही. तो रंग आणि ते दुखणे एकाच रक्तातून येते. तरी लोक हौसेने त्यांची पैदास करीत राहिले.

याहून मोठी गोष्ट अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात घडली. ब्रह्मदेशाकडचा अजगर आपल्या अजगराचा जवळचा भाऊबंद. त्याची पिले फ्लोरिडात हौसेसाठी विकत असत. पिलू दोन फुटांचे, दिसायला गोजिरवाणे. पण थोड्याच वर्षांत ते दहा-बारा फूट होते. मग घरात ठेवायचे कुठे? खायला घालायचे काय? लोकांनी ते गुपचूप रानात सोडले. तिथे एव्हरग्लेड्स नावाची फार मोठी दलदल आहे. १९९२ साली मोठे वादळ आले. त्यात अजगरांची पैदास करणारी एक जागा मोडली आणि तिथलेही अजगर सुटले, असे सांगतात. २००० सालापर्यंत शास्त्रज्ञांची खात्री झाली की अजगराने त्या दलदलीत आपला संसार थाटला आहे.

पुढे काय झाले? २०१२ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. तिथे रॅकून नावाचा झुपकेदार शेपटीचा प्राणी पूर्वी पुष्कळ दिसे. तो जिथे शंभर वेळा दिसायचा, तिथे एकदाच दिसू लागला. ससे तर जवळजवळ दिसेनासेच झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारने हा अजगर बाहेरून आणायला बंदी केली. पण घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप लावून काय उपयोग? २०२२ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी एका मादीची माहिती जाहीर केली. जवळजवळ १८ फूट लांब, वजन सुमारे ९८ किलो, आणि पोटात १२२ अंडी!

तिथे मग आपली माणसे कामाला आली. तामिळनाडूत इरुळा नावाचे आदिवासी आहेत. साप शोधणे ही त्यांची पिढीजात विद्या. २०१७ साली मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल हे दोघे इरुळा फ्लोरिडाला गेले. पहिल्या आठ दिवसांत त्यांच्या चमूने १३ अजगर पकडले. २०२३ साली भारत सरकारने या दोघांना पद्मश्री दिली. अनुभवाने शिकलेल्या माणसाचा हा मान आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. अजगर ब्रह्मदेशाचा, रान अमेरिकेचे, म्हणून तिथे नासाडी झाली. आपला अजगर मात्र आपल्या रानाचाच आहे. तो उंदीर, घुशी, ससे खातो. उंदीर आपल्या कणग्या रिकाम्या करतात, तेव्हा अजगर हा आपला राखणदारच झाला. कधी कोकरू किंवा करडू नेतो, हेही खरे. त्यासाठी रात्री गोठ्याचे दार आणि फटी बंद ठेवाव्या.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्या अजगराला पहिल्या यादीत घातले आहे. त्याला पकडणे, घरात बाळगणे, विकणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. त्याला तीन ते सात वर्षे कैद आहे आणि वर दंड आहे. परदेशी अजगर पाळणाऱ्यालाही आता सरकारकडे नोंद करावी लागते.

आम्ही हे सगळे त्या गृहस्थाला समजावले. तोवर नऊ दिवस झाले होते. पोराने पिलापुढे दूध ठेवले होते, अंडे ठेवले होते. दूध हे सापाचे अन्नच नाही. पावसाळी गारठ्यात, पत्र्याच्या डब्यात, ते पिलू दोरीसारखे पडून होते. बापाचा चेहरा उतरला. "गुरुजी, आम्हाला जेलात घालतील का?" आम्ही म्हणालो, "लपवून ठेवले तर जास्त भीती. आपण होऊन कळवू." १९२६ हा वनखात्याचा नंबर आहे. त्याने फोन लावला, आम्ही शेजारी बसलो. दुपारी वनरक्षक आले. त्यांनी मुलाला समज दिली आणि पिलू सोबत नेले. पोरगा रडला. आम्हालाही वाईट वाटले, कारण त्याने वाईट हेतूने काही केले नव्हते. त्याला त्या जिवाची माया होती, माहिती मात्र नव्हती.

म्हणून सांगतो, अजगर दिसला तर लांब उभे राहा. काठी मारू नका, शेपटी ओढू नका, पोराबाळांना जवळ जाऊ देऊ नका. १९२६ ला फोन करा. तो नंबर आजच वहीत लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते.