वाटी-चमच्याची सेवा

(हंगामाच्या सणाच्या उपासनेत मंडळीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



याईराच्या मुलीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मेलेली मुलगी उठून चालू लागली, एवढे आपल्या लक्षात राहते. पण मार्कच्या पाचव्या अध्यायाचा शेवट पाहा. सगळे थक्क होऊन उभे असताना प्रभू आईवडिलांना सांगतो की तिला काहीतरी खायला द्या. चमत्कार त्याने केला, भरवण्याचे काम मात्र घरच्यांकडे सोपवले. आज मला त्या भरवण्याविषयीच बोलायचे आहे.

आधी माझी चूक सांगते. वीस वर्षांपूर्वी मी मेळघाटात नवी होते. एका कोरकू पाड्यावर दोन वर्षांचा मुलगा पाहिला. हातापायांच्या काड्या, पावलांवर सूज. मला राहवले नाही. मी तूप घालून खिचडी शिजवली आणि तो खाईल तितकी भरवली. त्याने खाल्ली म्हणून देवाचे आभार मानले. रात्री त्याला धाप लागली, अंग गार पडले. पहाटेच्या आत तो गेला. तो आधीच फार अशक्त होता, वाचला असताच असे नाही, असे डॉक्टर म्हणाले. तरी ती खिचडी मी विसरलेले नाही.

तेव्हा मला जे ठाऊक नव्हते, ते आज तुम्हाला सांगते. तीव्र कुपोषित मूल म्हणजे फक्त भुकेले मूल नव्हे. त्याचे हृदय, यकृत, मूत्रपिंड, आतडी सगळी मंदावलेली असतात. एकदम भरपूर अन्न दिले तर तो भार शरीराला पेलत नाही. म्हणून सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर बोट दाबल्यावर खळगा राहिला, तर त्याला आधी डॉक्टरांकडे न्यायचे. त्यातही सूज असेल, भूक मेली असेल किंवा ताप-जुलाब असतील, तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायचे.

तिथे पहिले काही दिवस वजन वाढवायचे नसते, जीव सांभाळायचा असतो. दूध, साखर, तेल आणि मुरमुऱ्यांची पूड यांचे पातळ मिश्रण देतात. त्याला एफ-७५ म्हणतात, कारण १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असतात. ते दर दोन तासांनी द्यायचे, रात्रीसुद्धा. रात्रीचा एक घास चुकला तर साखर उतरते, अंग थंड पडते आणि मूल झोपेतच जाऊ शकते. सोबत जंतुसंसर्गावर औषध असते. लोहाचे औषध मात्र लगेच देत नाहीत. भूक परतली, सूज उतरू लागली, की मग एफ-१००, आणि हळूहळू घरचे जेवण.

गेल्या पावसाळ्यात दीड वर्षाची एक मुलगी दाखल झाली. वजन ६ किलो, पाय सुजलेले. तिला दर दोन तासांनी ५० मिलिलिटर, म्हणजे चार-पाच घोट. सहाव्या दिवशी वजन भरले ५ किलो ४०० ग्रॅम. आईने गाठोडे बांधले. म्हणाली, "बाई, इथे पोरगी वाळत चालली. घरी दोन लेकरं आहेत, निंदणीची मजुरी बुडते. मी जाते."

तिचे काय चुकले, सांगा? मी तिला मुलीच्या पावलावर बोट दाबायला लावले. खळगा पडला नाही. मी म्हटले, "उतरलंय ते पाणी होतं. आता अंग भरेल." ती गप्प राहिली. शेवटी म्हणाली, "घरच्या दोघांना कोण बघेल?" त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आमची एक सेविका त्या पाड्यावर जाऊन राहिली, दोन्ही लेकरांना तिने सांभाळले. म्हणून आई थांबली.

आणखी अकरा दिवसांनी काटा पुन्हा ६ किलोवर आला. पहिले सहा किलो पाण्याचे होते, हे अंगाचे होते. त्या दिवशी मुलीने आईच्या हातातली वाटी स्वतः ओढून घेतली. आई हसली, आणि मी बाहेर जाऊन रडले.

बंधुभगिनींनो, तुम्ही प्रेमाने बिस्किटांचे पुडे आणि दूध पावडरचे डबे पाठवता. त्यामागचे मन मी जाणते, पण कृपा करून ते पाठवू नका. केंद्रात आहार मिळतो, औषध मिळते, आईला बुडीत मजुरीही मिळते. कमी पडते ते घर सांभाळणारे माणूस. आई जितके दिवस केंद्रात, तितके दिवस मागच्या लेकरांजवळ कोणी राहील, त्यांच्या चुलीला धान्य असेल, आणि घरी परतल्यावर दर पंधरा दिवसांनी मुलाला तपासणीला नेण्याचे गाडीभाडे असेल, एवढी तजवीज करा. आज वेदीपुढे जे तांदूळ, ज्वारी, डाळ तुम्ही ठेवली आहे, ती या घरांसाठी मागते.

आणि प्रार्थना करताना रात्री दोन वाजता वाटी-चमचा घेऊन जाग्या असलेल्या आयांची आठवण ठेवा. तिला खायला देण्याचे ते सोपवलेले काम आज त्या करीत आहेत. आपण त्यांच्या मागे उभे राहू या.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.