धुराची गाडी आणि आपला हौद
(पिंपळी, ता. बारामती येथील तरुणांच्या बैठकीतील भाषण)



पावसाळा लागला की गावातली पहिली मागणी धुराच्या गाडीची असते. धूर दिसतो, वास येतो, काम झाल्यासारखं वाटतं. पण धुरळणीने त्या वेळी उडणारे डासच मरतात. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि थोड्याच दिवसांत नवे डास बाहेर पडतात.

डेंगीचा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. बॅरल, रांजण, कूलर, गच्चीवरचं टायर ही त्याची घरं. अंड्यापासून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस सांगितला जातो. भांडं नुसतं ओतून चालत नाही, आतून घासावं लागतं, कारण अंडी कडेला चिकटून कोरड्यातही टिकतात. 2021 च्या जुलैत राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरमधल्या बेलसरला सापडला. तोही याच डासाचा आजार, आणि पोटातल्या बाळाला घातक.

तरीही आशाताई दारात आल्या की आपल्या काही घरांत कडी लागते. "नाव कशाला लिहिता?" असं विचारलं जातं. गेल्या काही वर्षांत कागदपत्रांची भीती आपण सगळ्यांनी अनुभवली आहे, त्यामुळे हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. 1897 च्या प्लेगात पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले, सामान बाहेर फेकलं, घरं औषधाने धुतली. लोक चिडले. पुढच्या वर्षी मुंबईत मुस्लिम विणकरांच्या वस्तीत आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी 1898 मध्ये दाखवलं. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना गेल्या. जबरदस्तीने लोक दुरावतात, सेवेने जवळ येतात, एवढं मी यातून घेतो.

म्हणून सेवा आपण हातात घेऊ. जुम्म्याच्या सकाळी आपण अंघोळ, साफसफाई करतोच. तोच कोरडा दिवस ठरवू. हे काम अम्मी आणि बहिणींवर टाकू नका, बॅरल मुलांनी उलटे करायचे. मशिदीचा हौद रिकामा करता येत नसेल तर आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडू. टाकीला झाकण, व्हेंट पाइपला जाळी. आशाताईंबरोबर मोहल्ल्यातली एक मुलगी आणि एक मुलगा फिरेल. ओळखीचा चेहरा दिसला की दार उघडतं.

पिण्याच्या पाण्याचंही पाहू. टाकीत टीसीएल पावडर रोज पडते का, ओटी टेस्ट होते का, हे जलसुरक्षकाला अदबीने विचारा. ग्रामसभेत विचारा. तो आपला हक्क आहे.

घरात दोन गोष्टी पाळा. संडासचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या विषारी गोळ्या राहत्या घरात आणूच नका. त्यांचा वायू शेजारच्या खोलीत झोपलेल्यांचाही जीव घेतो. धान्य उन्हात वाळवा, कडुनिंबाचा पाला घाला.

कोणत्या गल्लीत कोण जाणार, त्याची यादी आता इथेच करू. येत्या जुम्म्यापासून सुरुवात.