म्हातारपण गावातच, सोबतीनं

आम्ही दरेकसाच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

रोवणीच्या दिवसांत आपण सकाळीच बांधीत जातो. घरी राहते म्हातारी सासू, नाहीतर शेजारची एकटी आजी. मागच्या पावसाळ्यात आमच्या टोलीतली एक आजी दुपारी छपरीत पडली. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा कळलं. तोवर पाणी द्यायलाही कुणी नव्हतं. आजी वाचली, पण आमची झोप उडाली.

निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम असावा, असं 2007 चा कायदा सांगतो. पण आजी म्हणते, "गाव सोडून मी कुठं जाऊ?" केरळात पंचायती 'पकल वीडू', म्हणजे दिवसाचं घर, चालवतात. म्हातारी माणसं सकाळी येतात, संध्याकाळी आपल्या घरी जातात.

तसंच आपणही करू. एक मोकळी खोली, दोन खाटा, पाण्याचा माठ. रोज दोघींची पाळी: जेवण, गोळ्यांची वेळ, चार गोष्टी. पाळीवालीची मजुरी बुडते. म्हणून घरटी मूठभर तांदूळ आणि गटातून थोडे पैसे. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन 65 वर्षांवरच्या गरजूंना मिळतं. कुणाचं राहिलं असेल तर सालेकसा तहसीलला अर्ज करायला सोबत जाऊ. ते पैसे मात्र आजीचेच, गटाचे नाहीत. अडचण आली तर ज्येष्ठांसाठी 14567 हा मोफत नंबर आहे.

येत्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या टोलीत दुपारी एकटं कोण असतं? आज आजी आहे, उद्या आपणच असू.