आधी ऐकावे, मग सुधारावे
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आपला व्यवसाय बोलण्याचा आहे, असे लोक समजतात. हळूहळू आपणही तसेच समजू लागतो. त्यामुळे ऐकण्याची सवय कशी सुटते, हे माझ्याच एका चुकीवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास मी एका शाळेच्या तपासणीस गेलो होतो. चौथीतील एक मुलगी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "सर, आम्ही उद्या जाणार हावोत." हजेरीपटावरची दृष्टी न काढता मी म्हणालो, "'हावोत' नव्हे, 'आहोत' म्हणावे." तिने वाक्य सुधारून म्हटले आणि ती जागेवर जाऊन बसली. पुढे कळले की, आईवडिलांबरोबर ती ऊसतोडीस गेली. तिची आजी गावातच होती. "कोठे जाणार?" एवढे जरी मी विचारले असते, तरी तिला आजीपाशी ठेवण्याविषयी आईवडिलांशी बोलता आले असते. शब्द मी शुद्ध केला. त्यातील अर्थ माझ्या कानी पडलाच नाही. उन्हाळ्यात ती परतली. पुढील वर्षी मात्र शाळेत आली नाही.

बंधुभगिनींनो, याच बोलीत आपल्या आयाबहिणींनी जात्यावर ओव्या गाइल्या. गंगाखेडच्या जनाबाईंना प्रत्यक्ष पांडुरंग दळू लागत असे, अशी कथा आहे. इतर बायांचे गाणे मात्र भिंतींनीच ऐकले. विसाव्या शतकाच्या अखेरीस हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन त्या ऐकल्या. एक हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या त्यामुळे जतन झाल्या. त्या बायांची भाषा कोणी सुधारीत बसले असते, तर त्या गात्या ना!

ऐकण्यास फार वेळ लागतो, असेही नाही. अमेरिकेतील संशोधिका मेरी बड रो यांना १९७०च्या सुमारास असे आढळले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यास मुले अधिक विस्ताराने उत्तरे देतात व एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. मूल बोलू लागले की लेखणी खाली ठेवावी. त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे. मग आपल्याला काय कळले, ते त्यालाच विचारून पाहावे. शुद्धलेखन त्यानंतर. शाळेत आलेल्या पालकास आधी बसावयास सांगावे, व त्याचे बोलणे संपल्यावरच मुलाची तक्रार मांडावी. सहकाऱ्याची अडचण ऐकताना आपली अडचण मध्येच काढू नये. हा नियम आम्हां अधिकाऱ्यांनाही लागू आहे. तपासणीच्या वेळी मी तो मोडला, तर आपण मला निःसंकोच थांबवावे.

यंदाही दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतील. त्यापूर्वी एखादे मूल आपल्या टेबलापाशी येऊन उभे राहील. त्याला "कोठे?" असे विचारण्यास विसरू नये.